वाचकांचे प्रश्न : राखणीला कोण थांबणार?

मागच्या अंकात गावोगावच्या निसर्गसंस्थांवर लिहिलं होतं त्यावर तुम्ही इतकं भरभरून लिहून पाठवलंत की सगळं इथे मावणं शक्यच नाही. ज्या प्रश्नांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील असे सहा घेतलेत. बाकीच्यांना मी वेगळं कळवते.

नमस्कार ताई, आमचं माण तालुक्यात तरुण मंडळ आहे. चार वर्षं झाली, दर जुलैला गावाबाहेरच्या माळावर तीनशे-चारशे रोपं लावतो, पेपरला बातमी येते, आणि मे महिन्यात जाऊन बघावं तर नुसत्या काड्या. कुठली झाडं लावली म्हणजे जगतील?

कुठली झाडं हे सांगते, पण त्याआधी मला तुम्हाला विचारायचंय की त्या माळावर लावताय कशाला? रागावू नका, खरंच विचारतेय. माण-खटाव, सोलापूर, बारामतीकडचे माळ बघायला उजाड वाटतात पण ते उजाड नसतात, ते गवताचं जंगल असतं. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं, त्यात खोकड, लांडगा, चिंकारा, धाविक, चंडोल असे प्राणी-पक्षी. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, आणि तिथेही गवताळ जागांवर ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची लागवड झाली होती. माळढोकला लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं, झाडी वाढली की तो तिथून जातो. आपण चांगलं करायला जातो आणि ज्याचं घर आहे त्यालाच हाकलतो.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. आमच्या ग्रुपने सुरुवातीची दोन वर्षं एका माळावर रोपं फुकट मिळाली म्हणून गुलमोहर आणि सुबाभूळ लावली. गवत उपटून खड्डे घेत होतो तेव्हा शेरडं घेऊन आलेल्या एका मामांनी मला हाताने थांबवलं आणि पायाशी दाखवलं. गवताच्या बुंध्याला टेकून वाटीएवढं घरटं, आत ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी, चंडोलाची. माझं पुढचं पाऊल त्यावरच पडणार होतं. त्या दिवशी खड्डे तिथेच थांबवले आम्ही.

तेव्हा माळ तसाच ठेवा. त्याची राखण करा. उन्हाळ्याच्या तोंडाला जाळरेषा काढा, म्हणजे कडेचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवा, म्हणजे वणवा आत शिरणार नाही, आणि पावसाळ्यात काही भागात चराईबंदी करायची असेल तर ती मेंढपाळांशी बोलून, त्यांना विचारून करा, बोर्ड लावून नको. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याच्या काठाला, शाळेत, रस्त्याकडेला, बांधाला लावा आणि तुमच्याकडचीच लावा म्हणजे कडुनिंब, हिवर, बोर, बाभूळ, करंज. चारशे नको, चाळीस लावा. मंडळात वीस पोरं असतील तर प्रत्येकाच्या नावावर दोन झाडं, तीन उन्हाळे पाणी घालायचं, बुडाशी गवताचं आच्छादन टाकायचं, शेरडांपासून काटेरी कुंपण करायचं. बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरलं तर कमी पाण्यात भागतं. जुलैचा फोटो काढूच नका, तिसऱ्या मे महिन्यातला काढा.

मुलांना घेऊन वेळासला कासव महोत्सवाला जायचं म्हणतोय. पण अशा गर्दीने कासवांचं नुकसानच होत नाही का? (नाशिक)

चांगला प्रश्न, आणि जा असंच मी म्हणेन, पण आधी हे काम कसं उभं राहिलं ते माहीत असू द्या म्हणजे तिथे जाऊन काय बघायचं ते कळेल.

वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं छोटंसं गाव, नाना फडणवीसांचं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, किनाऱ्यावर समुद्री गरुडाची पाहणी करत फिरत होते, तेव्हा 2002 मध्ये वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालायला येत होती आणि ती अंडी माणसं उकरून नेत होती, उरलेली कोल्ही-कुत्री खात होती. संस्थेने काय केलं, तर ज्यांना घरटी शोधता येत होती त्याच गावकऱ्यांना राखणीला घेतलं. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं, कारण वाळूवरची खूण ओळखायचं कसब त्यांच्याकडेच होतं, फक्त त्याची दिशा बदलली.

ही राखण म्हणजे काय ते ऐका. पहाटे अंधारात किनाऱ्यावर चालायचं, कासविणीच्या पायांची रांग दिसली की ती धरून वर जायचं, काठीने वाळू चाचपायची, जिथे काठी सहज आत जाते तिथे अंडी. शंभरच्या आसपास, पिंगपाँगच्या बॉलएवढी. ती हिंदकळू न देता, न फिरवता टोपलीत घ्यायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा खड्डा करून परत पुरायची, तारीख लिहायची. साधारण पन्नास दिवसांनी वरची वाळू खचायला लागते. मग त्यावर टोपली पालथी घालून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. मी गेले तेव्हा पहिल्या टोपलीखाली काहीच नव्हतं, दुसरीखाली काही नाही, तिसरी उचलली तर काळीभोर पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत होती, तळहातावर दोन मावतील एवढी. ती समुद्रापासून थोडी अलीकडे सोडतात आणि वाळूवरून स्वतःची स्वतः चालत जाऊ देतात.

महोत्सव 2006 पासून सुरू झाला. आलेली माणसं गावातच घरगुती राहतात, मोदक-भाकरी खातात, त्याचे पैसे गावात राहतात, म्हणून अंडी विकण्यापेक्षा कासव जगवणं गावाला परवडतं. नंतर वनविभागही उतरला आणि असं काम रायगड, सिंधुदुर्गपर्यंत गेलं. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्याच एका कासविणीला सॅटेलाइट टॅग लावला, तिचं नाव प्रथमा. आणि ओडिशात 2021 ला टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली, म्हणजे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या किनाऱ्याचं नातं या कासवांनीच जोडून दाखवलं.

तुम्ही करायचं एवढंच की टॉर्च आणि फ्लॅश नको, दोरीच्या आत पाऊल नको, पिल्लू हातात द्या म्हणून हट्ट नको. आणि पिल्लं दिसतीलच याची खात्री कोणी देत नाही, मुलांना हे घरूनच सांगून ठेवा. दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर घरटं दिसलं तर हात लावू नका, कासव कायद्याने संरक्षित आहे, वनविभागाच्या 1926 नंबरला फोन करा.

आम्ही नऊ जण दर रविवारी खाडीकाठचा कचरा उचलतो. सगळे म्हणतात संस्था रजिस्टर करा, सीएसआरचे म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचे पैसे मिळतील. करावी का? (डोंबिवली)

लगेच नको. कचरा उचलायला रजिस्ट्रेशन लागत नाही. संस्था झाली की 1860 चा सोसायटी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्हीकडे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद, दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज, हे सगळं कोणीतरी एकाने सांभाळावं लागतं आणि तो एक जण मग रविवारी खाडीवर येईनासा होतो, हे मी दोन-तीन ग्रुपमध्ये बघितलंय. सीएसआरचं म्हणाल तर कंपन्यांना साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, वर आयकराच्या 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर निधीसाठीची सीएसआर-1 अशा नोंदण्या, म्हणजे उद्या पैसे येणार नाहीतच.

तोवर दुसरं करा. दर रविवारी काय उचललं त्याची वही ठेवा, किती पिशव्या, कशाच्या, कुठून वाहून आलेल्या. वर्षभराची वही घेऊन वॉर्ड ऑफिसला गेलात तर नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवा हे मागणं नुसतं मागणं राहत नाही. पैशाचा, जागेचा करार करायची वेळ आली की मग सात जण मिळून सोसायटी करा.

मी अमेरिकन नागरिक आहे, मूळची साताऱ्याची. आमच्या भागात पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेला पैसे पाठवायचेत. संस्था खरी आहे हे कसं ओळखू? (न्यू जर्सी)

तुमची तळमळ पोचली. पण आधी कायद्याचं बघा. तुमचा पासपोर्ट परदेशी असल्यामुळे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, तुमची देणगी परदेशी धरली जाते. संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच तिला ती घेता येते, आणि तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. 2020 पासून एका संस्थेने असे पैसे घेऊन दुसरीला देणंही बंद झालंय, त्यामुळे कोणी म्हणालं की आमच्या ओळखीच्या मोठ्या संस्थेकडे पाठवा ते आम्हाला देतील तर ऐकू नका. तुमच्या भावाचा किंवा बहिणीचा भारतीय पासपोर्ट असेल आणि त्यांना स्वतःच्या पैशातून द्यायचं असेल तर ती गोष्ट वेगळी. त्यांनी पावती मागावी, 2000 च्या वर रोख देऊ नये, 80जी ची सवलत जुन्या कररचनेतच मिळते हेही लक्षात ठेवावं.

आता खरी-खोटी. ऑडिट रिपोर्ट मागा, जो द्यायला कुरकुरतो तिथे थांबा. पण कागद सगळेच नीट ठेवतात हो. मी तर नेहमी विचारते, पाच वर्षांपूर्वीचं काम दाखवा. आत्ताचा बंधारा सगळेच दाखवतात, जुना दाखवायला नेतात का बघा. साताऱ्याला आलात की संस्थेच्या माणसाला सोडून गावातल्या बायकांशी पाण्यावर बोला, एप्रिलमध्ये हंडा कुठून आणता विचारा. मला तर ऑडिटपेक्षा त्या उत्तराचा भरवसा जास्त वाटतो.

आमच्या सोसायटीत वाळलेली पानं रोज जाळतात, सांगून ऐकत नाहीत. (पुणे)

जाळणाऱ्या काकांवर चिडू नका, त्यांना पानं टाकायला दुसरी जागाच दिलेली नसते. तुमच्याच पुण्यात अदिती देवधरांनी 2016 मध्ये ब्राऊन लीफ सुरू केलं, साधी कल्पना आहे, ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांनी ज्यांना हवीत त्यांना द्यायची, गच्चीवर बाग करणारे पोती भरभरून नेतात. सोसायटीच्या कोपऱ्यात जाळीचा गोल पिंजरा उभा करा, पानं टाका, ओली ठेवा, अधूनमधून शेणाचं पाणी किंवा ताक शिंपडा. काही महिन्यांनी खालून काळं खत निघतं, त्याचा पहिला डबा त्या काकांनाच द्या.

ताई, आमच्या ओढ्याला अजून पाणी वाहतंय पण डिसेंबरला आटतं. वनराई बंधाऱ्याबद्दल ऐकलंय, पैसे नाहीत, तीस-चाळीस माणसं आहेत. जमेल का? (गाव भोर तालुक्यात)

जमेल, तेवढी माणसं पुष्कळ झाली. वनराई ही पुण्याची संस्था, मोहन धारियांनी 1986 मध्ये सुरू केलेली, तिच्यामुळे या बंधाऱ्याला हे नाव पडलं. सिमेंट नाही, गवंडी नाही, रिकामी पोती आणि माती.

जागा निवडताना ओढा अरुंद असेल, दोन्ही काठ उंच आणि पक्के असतील आणि वरच्या अंगाला पाणी पसरायला सपाट पात्र असेल अशी बघा. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या, कुठे झिरा म्हणजे पाझर आहे, पुरात कुठला काठ ढासळतो ते त्यांना पाठ असतं. पोती तोंडापर्यंत भरू नका, पाऊण भरा म्हणजे एकमेकांवर नीट बसतात, गच्च भरलेलं पोतं दगडासारखं गोल राहतं आणि फटीतून पाणी जातं. तोंड सुतळीने शिवा. तळाला रुंद, वर निमुळतं असं रचत जा, विटा रचतात तसा सांधा मोडून. दोन रांगांच्या मधल्या जागेत चिकण माती भरून पायाने तुडवा, हे काम पोरांना द्या, ती आनंदाने करतात. जास्तीचं पाणी जायला एका बाजूला सांडवा ठेवायला विसरू नका.

आम्ही केला तेव्हा सकाळी आठला घोट्याएवढं पाणी होतं. दुपारी भाकरी खायला बसलो, उठून बघतो तर गुडघ्याला लागत होतं, आणि एक आजी काठावर बसून नुसती बघत होती, म्हणाली, हे आमच्याच ओढ्याचं ना रे. शेजारच्या विहिरीला त्या वर्षी महिना-दीड महिना पाणी जास्त टिकलं. पुढच्या पावसात बंधारा वाहून गेला, तो जातोच, दरवर्षी परत घालावा लागतो. त्यामुळे गावात कोण काय करणार हे आत्ताच लिहून ठेवा, पुढच्या वर्षी पहिल्यापासून जुळवाजुळव नको.

पाऊस थांबून ओढ्याची धार बारीक झाली की लगेच घाला, दिवाळीनंतर बघू म्हणालात तर अडवायला पाणीच उरणार नाही. तालुक्यात जिथे जिथे बांधकाम चालू आहे तिथे सिमेंटची रिकामी पोती ठेवायला आजच सांगून या, चारशे-पाचशे तरी लागतील, आणि सुतळी-दाभण बरोबर ठेवा. रविवार ठरला की मला कळवा, मी येते.