एकसष्टाव्या मिनिटाला उभे राहणारे शहर

मागील अंकात एकाच शहराच्या नावावर उभ्या राहिलेल्या क्रीडासंस्थांविषयी लिहिताना तुर्कस्तानातील ट्राब्झोनस्पोर या फुटबॉल क्लबचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळच्या सदरात उत्तरे देत आहे.

प्रश्न : ६ ऑक्टोबर २०१७ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकातील तुर्कस्तान विरुद्ध न्यूझीलंड हा सामना मी मुलाला घेऊन पाहिला होता. सामना १–१ असा बरोबरीत सुटला, पण मुलाला तुर्की फुटबॉलची गोडी लागली ती तेव्हापासून. यंदा माझ्या भावाने इस्तंबूलहून त्याच्यासाठी मरून-निळी मफलर आणली. सोसायटीतील मुले ती बार्सिलोना या स्पॅनिश क्लबची आहे असे म्हणतात. पण तिच्या दोन्ही टोकांना ‘६१’ हा आकडा विणलेला आहे. तो कशाचा? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या मुलाकडे असलेली मफलर बार्सिलोनाची नसून ट्राब्झोनस्पोरची आहे, हे त्या आकड्यावरूनच सांगता येते. तुर्कस्तानात प्रत्येक प्रांताला वाहननोंदणीसाठी दोन अंकी क्रमांक दिलेला असतो. सुरुवातीचे क्रमांक प्रांतांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने लावले गेले. त्यानुसार अदानाला ०१, अंकाराला ०६, इस्तंबूलला ३४ आणि ट्राब्झोनला ६१ हा क्रमांक मिळाला. तीन हात नाक्यावर उभे राहिले की पुढच्या रिक्षेच्या पाटीवर आपल्याला ‘एमएच ०४’ दिसते आणि वाशीचा पूल ओलांडला की ‘एमएच ४३’ दिसू लागते, तसाच हा सरकारी कारभारापुरता आकडा. ट्राब्झोनच्या लोकांनी मात्र तो आपल्या गावाचे दुसरे नाव म्हणून स्वीकारला. घरच्या मैदानावर सामन्याचे एकसष्टावे मिनिट लागले की प्रेक्षक उभे राहतात, मफलरी डोक्यावर धरतात आणि घोषणांनी मैदान दणाणून सोडतात. त्या क्षणी संघ जिंकत असो वा हरत असो, त्याने काही फरक पडत नाही.

मरून आणि निळा हे क्लबचे रंग. तुर्कीत त्यांना ‘बोर्दो-मावी’ म्हणतात आणि तेथील चाहते क्लबचा उल्लेख पुष्कळदा नुसत्या या जोडशब्दानेच करतात. या रंगांना पार्श्वभूमी आहे ती एका जुन्या भांडणाची. ट्राब्झोनमध्ये पूर्वी इदमानओजाई आणि इदमानगुजू हे दोन क्लब होते. ‘इदमान’ म्हणजे व्यायाम. पहिल्या नावात त्याला चूल जोडलेली आहे आणि दुसऱ्यात बळ. आपल्याकडे एकाच गावातील दोन तालमींमध्ये असायची तशी, किंबहुना तिच्याहून कडवी चुरस या दोघांत होती, आणि पिवळा-तांबडा विरुद्ध हिरवा-पांढरा अशी शहराची सरळ विभागणी झाली होती. १९६० च्या दशकात अनातोलियातील, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातील, शहराशहरांत स्थानिक क्लब एकत्र आणून शहराच्या नावाचा एकच व्यावसायिक क्लब उभारण्याची लाट आली. बुर्सास्पोर, एस्किशेहिरस्पोर आणि सामसूनस्पोर हे क्लब त्याच दशकातले. ट्राब्झोनमध्ये हे घडायला वेळ लागला, कारण कोणाचेच पाऊल मागे पडत नव्हते. अखेर २ ऑगस्ट १९६७ रोजी या दोन क्लबांबरोबर काराडेनिझगुजू आणि मार्तिस्पोर हेही एकत्र आले आणि ट्राब्झोनस्पोरचा जन्म झाला. नव्या क्लबला ना पिवळा-तांबडा मिळाला, ना हिरवा-पांढरा. दोन्ही बाजूंनी आपापला रंग सोडला, म्हणून शहराला एक रंग मिळाला. या क्लबच्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना हीच आहे. चषक आले ते नंतर.

प्रश्न : तुर्कस्तान म्हटले की गलातासराय, फेनेरबाचे आणि बेशिक्ताश हीच नावे ऐकू येतात. मग एका प्रांतातील क्लबला एवढे महत्त्व कशासाठी? – एक वाचक, वाशी

उत्तर : आपण घेतलेली तिन्ही नावे इस्तंबूलची आहेत, यातच उत्तराचा अर्धा भाग आला. तुर्कस्तानची राष्ट्रीय लीग १९५९ मध्ये सुरू झाली आणि १९७५ पर्यंत तिचे विजेतेपद या तीन क्लबांच्या बाहेर एकदाही गेले नाही. ट्राब्झोन आहे काळ्या समुद्राच्या काठी, इस्तंबूलपासून रस्त्याने हजार किलोमीटरहून अधिक दूर. म्हणजे ठाण्याहून निघून नागपूर मागे टाकल्यावरही बरेच अंतर उरावे इतके. येथील क्लब १९७४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि १९७५-७६ च्या हंगामात देशाचा विजेता ठरला. इस्तंबूलबाहेरच्या क्लबने हे करून दाखवण्याची ती पहिली वेळ होती. त्यानंतर १९७७, १९७९, १९८०, १९८१ आणि १९८४ असे आणखी पाच वेळा विजेतेपद ट्राब्झोनला गेले. इस्तंबूलबाहेर हा मान आजवर ट्राब्झोनखेरीज फक्त बुर्सास्पोरला लाभला आहे, तोही एकदाच, २०१० मध्ये.

हे यश बाहेरून विकत आणलेले नव्हते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. त्या संघातील बहुतेक खेळाडू ट्राब्झोन आणि त्याच्या आसपासच्या किनारपट्टीवरचे होते. सहापैकी चार विजेतेपदे अहमेत सुआत ओझ्याझिजी यांच्या आणि दोन ओझकान स्युमेर यांच्या मार्गदर्शनाखाली आली, आणि हे दोन्ही प्रशिक्षक त्याच मातीतले. गोलरक्षक शेनोल ग्युनेश हेही ट्राब्झोनचेच; लीगमध्ये सलग हजाराहून अधिक मिनिटे त्यांनी एकही गोल होऊ दिला नव्हता. २० ऑक्टोबर १९७६ रोजी युरोपातील देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या युरोपियन कप स्पर्धेत इंग्लंडच्या लिव्हरपूलचा संघ ट्राब्झोनला आला आणि १–० असा हरून परतला. परतीचा सामना लिव्हरपूलने ३–० असा जिंकला आणि पुढे त्या वर्षीचा चषकही त्यांनीच पटकावला. परंतु ज्या संघाने अखेर युरोप जिंकले त्याला आपल्या मैदानावर नमवल्याची आठवण ट्राब्झोनमध्ये वडिलांनी मुलांना सांगत आणली आहे.

प्रश्न : माझे आईवडील रत्नागिरीहून ठाण्यात आले, गणपतीला आम्ही आजही गावी जातो. आपल्या लेखात ट्राब्झोनस्पोरचे चाहते देशभर विखुरलेले असल्याचे वाचले. शहर सोडलेल्या माणसांचे क्लबशी नाते टिकते का? आणि आता संघात परदेशी खेळाडू असताना जुनी ओळख उरली आहे का? – एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आपल्याला हा प्रश्न पडावा हे स्वाभाविक आहे, कारण काळ्या समुद्राचा तो किनारा आणि आपले कोकण यांच्यात विलक्षण साम्य आहे. समुद्राला टेकलेले हिरवेगार डोंगर, भरपूर पाऊस, उतारावरची थोडी जमीन, ताटात मासळी आणि पोटासाठी शहराकडे गेलेली माणसे. हेझलनटच्या बागा आणि हाम्सी नावाची लहान मासळी यांवर तेथील घरे चालत आली. तेथील चाकरमानी इस्तंबूलला गेले, जर्मनीला गेले, आणि जाताना क्लब बरोबर घेऊन गेले. ‘बिझे हेर येर ट्राब्झोन’ ही त्यांची प्रसिद्ध घोषणा आहे : आम्हाला सगळीकडे ट्राब्झोनच. परगावच्या मैदानावर पाहुण्यांच्या कोपऱ्यातून ही घोषणा उठते, तेव्हा ती देणाऱ्यांपैकी कित्येकांचा जन्मही ट्राब्झोनमध्ये झालेला नसतो.

हे नाते सुखाच्या दिवसांपेक्षा दुःखाच्या दिवसांनी अधिक घट्ट केले, असे माझे मत आहे. १९८४ नंतर विजेतेपद हुलकावणी देत राहिले. मे १९९६ मध्ये घरच्या मैदानावर फेनेरबाचेविरुद्ध आघाडी घेऊनही ट्राब्झोनस्पोर २–१ असा हरला आणि हातातोंडाशी आलेले विजेतेपद गेले. २०१०-११ मध्ये दोन्ही संघांचे समान ८२ गुण झाले आणि मान पुन्हा फेनेरबाचेला मिळाला. दोन्ही वेळी ट्राब्झोनचे प्रशिक्षक होते पूर्वीचे गोलरक्षक शेनोल ग्युनेश. त्या दुसऱ्या हंगामावरून फेनेरबाचेविरुद्ध सामनानिश्चितीचे मोठे प्रकरण उभे राहिले. चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेतील फेनेरबाचेची जागा ट्राब्झोनस्पोरला मिळाली आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी इटलीतील मिलानमध्ये जाऊन तेथील इंटर या क्लबला १–० असे हरवले. फेनेरबाचेचे पदाधिकारी पुढे फेरखटल्यात निर्दोष सुटले आणि विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले; ट्राब्झोनच्या चाहत्यांच्या मनातून मात्र तो सल गेलेला नाही.

३० एप्रिल २०२२ रोजी घरच्या मैदानावर अंताल्यास्पोरशी २–२ अशी बरोबरी झाली आणि तीन सामने शिल्लक असतानाच ३८ वर्षांची प्रतीक्षा संपली. त्या संघात स्लोव्हाकियाचा मारेक हामशिक होता, ग्रीसचा बाकासेतास होता, आणि प्रशिक्षक अब्दुल्ला अवजी हे तर जन्माने इस्तंबूलचे. १९७६ च्या संघाशी तुलना केली तर घरची मुले कमी झाली हे खरे आहे आणि मला त्याची खंतही वाटते, कारण आपल्या गल्लीतला मुलगा देशाचा विजेता होताना पाहण्याची सर दुसऱ्या कशाला येत नाही. तरीही त्या रात्री रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी हामशिकला परका मानले नाही. चाकरमान्याच्या मुलाला गणपतीत गावचा म्हणायचे की शहरचा, हे आपल्याकडे कोणी विचारत बसत नाही. तो आरतीला उभा राहिला की गावचाच होतो.

प्रश्न : ट्राब्झोनस्पोरचे मैदान समुद्रात भराव घालून बांधले आहे असे ऐकले. हे खरे आहे का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : होय. शहराच्या मध्यातील हुसेयिन अव्नी अकेर हे जुने मैदान सोडून २०१६ च्या अखेरीस क्लब आक्याझी भागातील नव्या स्टेडियमकडे वळला. ते समुद्रावरच्या भरावावर उभे असून त्यात सुमारे ४० हजार प्रेक्षक बसतात. खाडीकाठी वाढलेल्या नवी मुंबईतील वाचकांना अशा जमिनीचे नवल वाटणार नाही. या क्रीडासंकुलाला शेनोल ग्युनेश यांचे नाव त्यांच्या हयातीतच देण्यात आले. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानला तिसरे स्थान मिळवून देणारे प्रशिक्षकही तेच. पुढे २०२४ मध्ये ते पुन्हा ट्राब्झोनस्पोरचे प्रशिक्षक झाले आणि मार्च २०२५ पर्यंत, स्वतःचेच नाव असलेल्या संकुलात, मैदानाकडेच्या बाकावर बसत राहिले.