सोफ्यावर सात कोटी, खुर्चीवर वीस हजार

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की टीव्हीवरच्या क्विझ शोबद्दल काय विचारायचं ते विचारा. पत्रं आणि मेल भरपूर आले, त्यातले नव्वद टक्के केबीसीबद्दल, उरलेले मराठी करोडपतीबद्दल. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत.

प्रश्न : आमचे हे रोज केबीसी बघताना स्क्रीनवर पर्याय यायच्या आधी उत्तर सांगतात. मग टीव्हीवर जाणारी शिकलीसवरलेली माणसं वीस-चाळीस हजारांवरच कशी अडकतात? यांनाच पाठवू का? – एक गृहिणी, परभणी

पाठवा की, पण आधी एक गंमत करा. आज रात्री त्यांच्या हातात कागद-पेन द्या, उत्तर बोलायचं नाही, लिहायचं, आणि पहिली चूक झाली की कागद काढून घ्यायचा. सोफ्यावर बसलेल्या माणसाची चुकलेली उत्तरं कोणी मोजत नाही, तो स्वतः तर अजिबात नाही. "अरे हो, हेच म्हणणार होतो" हे त्याच्या खात्यात बरोबर म्हणून जमा होतं. 😄

खरा घोळ खेळाच्या रचनेतच आहे. शाळेच्या परीक्षेत शंभरातले नव्वद आले की पेढे वाटतात, इथे तसं नसतं, इथे पहिली चूक म्हणजे बाहेर. समजा तुमच्या मिस्टरांना दहातले नऊ प्रश्न येतात, म्हणजे माणूस चांगलाच हुशार, तरी लाइफलाइन (अडलं की घेता येणारी मदत) न वापरता सलग दहा बरोबर यायची शक्यता साधारण पस्तीस टक्के आणि सलग पंधरा यायची जेमतेम वीस टक्के. आणि ही सगळे प्रश्न सारख्याच अवघडपणाचे धरून, प्रत्यक्षात ते चढत जातात. त्यात घड्याळ. २००० साली शो सुरू झाला तेव्हा घड्याळ नव्हतंच, लोक आरामात विचार करत बसायचे, ते २०१० च्या सीझनला आलं. आता साधारणपणे पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद, पुढच्या पाचांना ६० सेकंद आणि दहाव्यानंतर वेळेचं बंधन नाही. त्यामुळे माझ्या मते सगळ्यात वाईट जागा ही सहा ते दहा. प्रश्न सोपे राहिलेले नसतात, घड्याळ पळत असतं, समोर बच्चनसाहेब बसलेले असतात, आणि प्रश्न येतो एखाद्या सिरीयलमधल्या सासूबद्दल. यूपीएससीवाला पोरगा तिथे दोन लाइफलाइन जाळतो आणि ज्या विषयात तो खरा पक्का आहे तिथपर्यंत रिकाम्या हाताने पोचतो.

आणि हे सगळं हॉट सीटवर गेल्यावर. त्याआधी फास्टेस्ट फिंगर फर्स्ट असतं, तिथे तर चार गोष्टी क्रमाने लावायला काही सेकंद मिळतात आणि दहातले नऊ जण तसेच बसून राहतात. त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत.

प्रश्न : पन्नास लाख जिंकलेत, एक कोटीचा प्रश्न समोर आहे, चारातले दोन पर्याय नक्की चूक आहेत हे मला माहितीये. उरलेल्या दोनांत टॉस करावा की क्विट? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

मित्रा, प्रश्न आवडला म्हणून जरा लांब लिहितो. बक्षिसांची शिडी दर सीझनला थोडीफार बदलते, पण आपण सगळ्यांना पाठ असलेली धरू, म्हणजे शेवटचा पडाव तीन लाख वीस हजार. कोटीचा प्रश्न चुकलास तर पन्नासवरून थेट तिथे. आता निम्मी शक्यता एक कोटी आणि निम्मी शक्यता ३.२ लाख, सरासरी निघते ५१ लाख ६० हजार. क्विट केलंस तर ५०. म्हणजे कागदावर खेळणं किंचित फायद्याचं. पण थांब, टॅक्स विसरलास. बक्षिसावर सरसकट ३० टक्के लागतो, वर एकूण टॅक्सवर ४ टक्के सेस, आणि रक्कम पन्नास लाखांच्या वर गेली की टॅक्सवर १० टक्के सरचार्ज. दुसरं उत्पन्न नाही असं धरलं तर ५० लाखांतले हातात राहतात ३४ लाख ४० हजार, एक कोटीतले ६५ लाख ६८ हजार आणि ३.२ लाखांतले साधारण २ लाख २० हजार. आता परत सरासरी काढ. ३३ लाख ९४ हजार. म्हणजे टॅक्स धरला की टॉस करणं तोट्याचं! मला हे पहिल्यांदा मांडून बघितलं तेव्हा जाम मजा आली होती. दोनांतल्या एकाकडे थोडा जरी जास्त कल असेल, साठ-चाळीस म्हण, तर मात्र हिशोब परत खेळायच्या बाजूला झुकतो.

सात कोटींच्या प्रश्नाचं याच्या बरोबर उलट आहे. तिथे हातात एक कोटी असतो, चुकलं तर तेच ३.२ लाख, पण बरोबर आलं तर टॅक्स कापूनही चार कोटींच्या वर राहतात. म्हणजे डोळे मिटून चारातला एक पर्याय दाबला तरी सरासरी कोटीच्या वर जाते, आणि क्विट केल्यावर हातात येतात पासष्ट लाख. गणित ओरडून सांगतं खेळ म्हणून, आणि तरी जवळजवळ सगळे क्विट करतात. आणि मला विचारशील तर बरोबरच करतात. सरासरी ही शंभर वेळा खेळणाऱ्यासाठी असते रे, हा माणूस आयुष्यात एकदाच तिथे बसणार आहे, घरी होमलोन आहे, बहिणीचं लग्न आहे. पहिल्या पासष्ट लाखांनी जगणं बदलतं, त्याच्या वरच्या तीन-चार कोटींनी तितकं बदलत नाही. इकॉनॉमिक्सवाल्या मित्राला विचार, तो यावर तासभर बोलेल.

प्रश्न : कुठली लाइफलाइन कधी वापरावी? – नियमित वाचक, लातूर

ऑडियन्स पोल लवकर, सिनेमा, खाणं, क्रिकेट, रोजच्या बातम्या असल्या प्रश्नांना. या खेळाच्या अमेरिकन आवृत्तीचे जुने आकडे फार सांगितले जातात, ऑडियन्सचं बहुमत ९१ टक्के वेळा बरोबर आणि फोनवरचा जाणकार ६५ टक्के. पण ते जसेच्या तसे घेऊ नका, ऑडियन्सला लोक सोपे प्रश्न विचारतात आणि फोन अवघडाला लावतात, मग फरक दिसणारच. फोनवर ठेवायचा माणूस सगळ्यात हुशार नको, ज्याला "मला माहीत नाही" असं पाच सेकंदांत म्हणता येतं तो हवा. तीस सेकंद असतात, त्यातले दहा नमस्कार-चमत्कारात जातात.

फोनचा सगळ्यात भारी वापर केला तो जॉन कार्पेंटरने, १९९९ मध्ये अमेरिकेत. दहा लाख डॉलरच्या शेवटच्या प्रश्नाला वडिलांना फोन लावला आणि म्हणाला, मदत नकोय, फक्त सांगायला केला की मी जिंकणार आहे. आणि जिंकला! असला आत्मविश्वास आपल्याकडे फक्त रिक्षावाल्यांकडे.

प्रश्न : हे सगळं फिक्स असतं. रडकी कहाणी असेल त्यालाच घेतात आणि त्यालाच जिंकवतात. तुम्ही हे छापणार नाही याची खात्री आहे. – एक ज्येष्ठ नागरिक, कल्याण

काका, छापलं बघा. तुमच्या तक्रारीचे दोन तुकडे आहेत, ते वेगवेगळे करू. निवड होताना जनरल नॉलेज बघतात तसं मुलाखतही घेतात, माणूस कॅमेऱ्यासमोर बोलतो कसा, त्याच्याकडे सांगण्यासारखं काय आहे हे बघतात, आणि ते कोणी लपवतही नाही, त्याच्यावर व्हिडिओ करून दाखवतात. तो टीव्ही आहे, एमपीएससी नाही. मलाही कधी कधी ते व्हायोलिन जास्त होतं, खोटं कशाला बोलू.

पण जिंकवणं वेगळं. अमेरिकेत १९५० च्या दशकात खरंच असं झालं होतं, 'ट्वेंटी-वन' नावाच्या शोमध्ये स्पर्धकांना उत्तरं आधी पुरवायचे, चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा देखणा प्राध्यापक त्यातून घराघरात पोचला आणि १९५९ मध्ये त्याला संसदीय समितीसमोर सगळं कबूल करावं लागलं. १९६० मध्ये त्यावर कायदाच झाला. तेव्हापासून अशा शोवर लोकांचा डोळा असतो. उलट फसवायला बघतात ते स्पर्धक. ब्रिटनमध्ये २००१ साली चार्ल्स इन्ग्रॅम नावाचा मेजर दहा लाख पाउंड जिंकला, नंतर लक्षात आलं की तो पर्याय वाचत गेला की बरोबर उत्तराला स्टुडिओतून खोकला येत होता. २००३ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं, बक्षीस मिळालंच नाही. आणि तुम्ही म्हणता तशी कहाणी असलेली कितीतरी माणसं दहा हजार घेऊन घरी जातात, ते एपिसोड आपण विसरतो एवढंच.

प्रश्न : माझं शिक्षण बारावी, वय ४८. रोज पेपर वाचते, कोडी सोडवते. केबीसीचं नाव काढलं की मुलं हसतात. जाऊ का? – एक वाचक, इचलकरंजी

ताई, हसू दे. तुमच्या शेजारचंच उदाहरण घ्या, कोल्हापूरच्या कविता चावला, गृहिणी, शिक्षण बारावी, २००० पासून प्रयत्न करत होत्या आणि २०२२ मध्ये एक कोटी जिंकल्या. आणि २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिना पंधराशे रुपये. त्यांना कोटीचा प्रश्न आला होता बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने 'दास्तान-ए-गदर' लिहिलं, उत्तर जहीर देहलवी. हे इतिहासात एमए झालेल्या किती जणांना आलं असतं मला शंका आहे. सात कोटींच्या प्रश्नाला त्या थांबल्या.

तयारी म्हणाल तर जाडजूड जीकेची पुस्तकं पाठ करू नका. नकाशा भिंतीवर लावा, रामायण-महाभारतातली नातीगोती पक्की करा (यावर हमखास येतं), गेल्या वर्षभराच्या बातम्या, पुरस्कार, खेळ. आणि क्रम लावायचा सराव रोज, साल, अंतर, उंची, उत्तर-दक्षिण, कशाचाही, मोबाईलवर घड्याळ लावून. मुलांनाच समोर बसवा प्रश्न विचारायला, हसायचं बंद होईल.

प्रश्न : जिंकलेल्यांचं पुढे काय होतं? – बरेच वाचक

पहिला करोडपती आपला मुंबईचा, हर्षवर्धन नवाथे, २०००. संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी घटना कोणाला देते असा शेवटचा प्रश्न, उत्तर अॅटर्नी जनरल. (घटनेचं कलम ८८. बोलता येतं, मत देता येत नाही.) तो तेव्हा यूपीएससीची तयारी करत होता म्हणून त्याला ते आलं, आणि गंमत बघा, त्याच विजयाने त्याची यूपीएससी गेली. रातोरात स्टार झाला, कार्यक्रम, सत्कार, अभ्यास कोण करणार. मग ब्रिटनला जाऊन एमबीए केलं आणि कॉर्पोरेट नोकरीत लागला. छान चाललं त्याचं. २००१ मध्ये ज्युनिअर केबीसीत चौदाव्या वर्षी कोटी जिंकलेला रवी मोहन सैनी मात्र आधी डॉक्टर झाला आणि मग आयपीएस. मला वाटतं वय लहान होतं म्हणून वाचला, घरच्यांनी शाळेत पाठवलं असणार सोमवारी.

आणि सुशील कुमार. बिहारच्या मोतिहारीचा, मनरेगात कॉम्प्युटर ऑपरेटर, पगार सहा हजार, २०११ मध्ये पाच कोटी जिंकणारा पहिला माणूस. २०२० मध्ये त्याने स्वतःच फेसबुकवर लिहिलं की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सगळ्यात वाईट होता. रोज कुठे ना कुठे कार्यक्रम, अभ्यास सुटला, पत्रकार विचारतील म्हणून कुठलेही धंदे सुरू करायचे आणि ते बुडायचे, गुप्त दान करायचा त्यात फसवणूक, दारू-सिगरेट, बायकोशी भांडणं. एकदा पत्रकारावर वैतागून त्याने सांगून टाकलं की पैसे संपले, दोन गाई आहेत, दूध विकून जगतो. ती बातमी पसरली आणि आजूबाजूला घोटाळणारी माणसं गायब झाली! नंतर त्याने व्यसनं सोडली, चंपारणमध्ये चाफ्याची झाडं लावायची मोहीम काढली, परीक्षा देऊन शिक्षक झाला. लोक त्याची गोष्ट "पैसा पचला नाही" म्हणून सांगतात, मला ते पटत नाही. पाच कोटी मिळाल्यावर काय करायचं हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? त्याच्याकडे सल्ला द्यायला एक बरा सीए असता तरी निम्मं टळलं असतं.

प्रश्न : एक कोटी म्हणजे खात्यात नक्की किती येतात? – तीन-चार वाचक

सत्तर लाख. चॅनेल ३० टक्के टीडीएस कापूनच देतं. अडीच लाख, तीन लाख, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही वगैरे जे आपण ऐकतो ते बक्षिसाच्या रकमेला लागू नाही, कुठली वजावटही मिळत नाही. आणि इथे लोक फसतात, त्यांना वाटतं टॅक्स कापला, विषय संपला. सरचार्ज आणि सेस टीडीएसमध्ये धरलेले नसतात, ते आपले आपण भरायचे, एक कोटीवर ते होतात ४ लाख ३२ हजार. तेवढे वेगळे काढून ठेवा, उरलेल्या अॅडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यांत भरून टाका नाहीतर व्याज लागतं, आणि तोपर्यंत मेहुण्याला गाडीसाठी उसने देऊ नका.