कार्बन पकडणारा संच भरवशाचा कधी होतो?

कॅनडातल्या बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीजकेंद्रात 90 टक्के कार्बन डायऑक्साइड पकडणार होते, पण पहिल्याच वर्षी यंत्रणा वारंवार बंद पडली. तंत्रज्ञान कच्चं होतं का? – एक वाचक, चंद्रपूर

रसायन कच्चं नव्हतं. अमाईन या रसायनाच्या थंड द्रावणाने कार्बन डायऑक्साइड शोषायचा आणि तापवलं की सोडायचा, हे नैसर्गिक वायूच्या कारखान्यांत अनेक दशकं चालू आहे. फक्त तिथला वायू स्वच्छ असतो. सस्कॅचेवान प्रांतातल्या या केंद्राचा तिसरा संच, ज्याला कॅप्चर जोडलं, तो लिग्नाइट म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा जाळतो. ऑक्टोबर 2014 मध्ये कॅप्चर सुरू झालं आणि धुराबरोबर निसटलेली बारीक राख थेट वायू शोषणाऱ्या मनोऱ्यांत पोचली. द्रावण तापवणारे-थंड करणारे हीट एक्स्चेंजर चोंदले, अमाईनला फेस आला, ते अंदाजापेक्षा लवकर खराब होऊ लागलं. क्षमता वर्षाला 10 लाख टनांची. पहिल्या वर्षी पकडले गेले सुमारे 4 लाख टन.

माझ्या मते खरी चूक आराखड्यातली. एक एक्स्चेंजर धुवायचा तर तो बाजूला काढायला व्हॉल्व्ह नाहीत, जोडीला स्टँडबाय म्हणजे राखीव नाही. म्हणून अख्खं कॅप्चर थांबवा! पाणी पुरवणारा स्टँडबाय फीड पंप नसलेला बॉयलर आपल्यापैकी कुणी चालवायला घेईल का? 2017 च्या शटडाउनमध्ये जादा एक्स्चेंजर आणि व्हॉल्व्ह बसवले, तेव्हा कुठे चालू संचावर सफाई करता येऊ लागली. पकडलेला वायू दाबणारा कॉम्प्रेसर मात्र एकच राहिला. 2021 मध्ये त्याची मोटर गेली आणि कॅप्चर कित्येक महिने अडलं.

कॅप्चर ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, तर वीजही जाते का? – अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक

जायला नको. डॅम्पर म्हणजे धुराच्या वाटेतली झडप फिरवून धूर चिमणीकडे वळवतात. अमाईन तापवायला टर्बाइनमधून काढलेली वाफ परत लो-प्रेशर टर्बाइनकडे जाते आणि मेगावॉट उलट वाढतात. संध्याकाळच्या मागणीला काही वेळ कॅप्चर मुद्दाम कमी करून ही जादा वीज ग्रिडला देता येते. मात्र त्यासाठी लो-प्रेशर टर्बाइन आणि कंडेन्सर पूर्ण वाफ पेलणारे हवेत.

धोका असतो ड्राफ्टचा, म्हणजे भट्टीतून धूर वाहता ठेवणाऱ्या दाबाचा. कॅप्चरकडे धूर ढकलणारा बूस्टर फॅन अचानक थांबला आणि डॅम्पर उघडायला उशीर झाला, तर भट्टीतला दाब चढतो आणि बॉयलर ट्रिप होतो. म्हणून सुरुवातीच्या चाचण्यांत पूर्ण लोडवर हा फॅन मुद्दाम बंद करून पाहावा, असा माझा आग्रह राहील.

टेक्सासचा पेट्रा नोव्हा प्रकल्प बिघाडांमुळेच बंद झाला ना? – एक वाचक, पुणे

नाही. बिघाड झाले होते, पण मे 2020 मध्ये तो थांबवला तो तेलाचे भाव कोसळल्यामुळे. पकडलेला वायू तेलविहिरींत सोडून जास्त तेल काढायचं, हेच त्याचं उत्पन्न. सप्टेंबर 2023 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. तिथे वाफेसाठी वेगळा गॅस टर्बाइन आहे, त्यामुळे मूळ कोळसा संचाच्या टर्बाइनला हात लागत नाही. चालवणाऱ्याला हे सोयीचं. पण त्या गॅस टर्बाइनचा कार्बन पकडला जात नाही, हे हिशेबात धरायलाच हवं.

आपल्याकडे हे जमेल? – निवृत्त केमिस्ट, परळी

विंध्याचल केंद्रात एनटीपीसीने दिवसाला 20 टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रकल्प उभारला आहे. पण 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण लोडवर दिवसाला 10 हजार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. शिवाय आपल्या कोळशात राख बहुधा 30 ते 45 टक्के. तुम्ही केमिस्ट आहात, गंधकाचे ऑक्साइड अमाईन कसं खराब करतात हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यामुळे कॅप्चरची निविदा काढण्याआधी गंधक काढणारी यंत्रणा चालू हवी आणि प्रेसिपिटेटर या राख पकडणाऱ्या यंत्रानंतर धुरात उरलेल्या राखेचं मोजमाप पूर्ण लोडवर, पावसाळ्यातल्या ओल्या कोळशासह, निदान वर्षभर घेतलेलं हवं.