पॅच मोर्टार बद्द वाजतंय? ब्रँड बदलायच्या आधी हे वाचा

पार्किंगच्या कॉलमवरचं पॉलिमर मोर्टार (तुटलेलं काँक्रीट भरून काढायचं पॉलिमर मिसळलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण) दोन वर्षांतच ठोकल्यावर बद्द वाजतंय, म्हणजे आतून सुटलंय, आणि ठेकेदार म्हणतोय माल हलका होता, यावेळी भारीतला वापरू, हे तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत हेच झालं. मी इंजिनिअर नाही, दुरुस्तीच्या काळात सेक्रेटरी होतो, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा. सळया घासणं, गंजविरोधक लावणं तुम्हाला माहीतच असेल, ते सोडतो.

माझ्या मते दोष मालाचा क्वचितच असतो. आमच्याकडे सकाळीच अख्ख्या डक्टला एसबीआर-सिमेंटची स्लरी (नवं मोर्टार जुन्या काँक्रीटला धरावं म्हणून मारायचा लॅटेक्स आणि सिमेंटचा पातळ कोट) मारून ठेवली, मग माणसं जेवायला गेली, त्यात ऑक्टोबरचं ऊन, आणि मोर्टार चढलं दुपारनंतर. हा कोट ओला-चिकट असतानाच मोर्टार दाबून भरायचं असतं, सुकला की त्याचा पापुद्रा होतो आणि तोच नव्या-जुन्याला धरू देत नाही. सुकलाच तर खरवडून नव्याने मारायचा, वर नुसतं पाणी मारून भागत नाही.

आणि हे बघायचं काम ज्यांचं, त्या कन्सल्टंटच्या ऑफिसातून परांचीवर कोणी चढलंच नाही! खालून फोटो काढायचे आणि बिल पास करायचं. पुल-ऑफ टेस्ट (मोर्टार ओढून त्याची पकड मोजायची चाचणी) मागितली तर म्हणे राहत्या इमारतीत असलं कोणी करत नाही, आणि हे लेखी द्या म्हटलं तर तेही नाही. पावसाळ्यानंतर खपल्या पडायला लागल्यावर कळलं की वॉरंटी मटेरियलची आहे, कामाची नाही. पेन्शनवरच्या लोकांनी भरलेले पैसे होते हो ते, अजून संताप होतो.

म्हणून ही पुल-ऑफ टेस्ट टेंडरमध्येच लिहून घ्या. मोर्टारमधून जुन्या काँक्रीटमध्ये थोडं आत जाईपर्यंत ५० मिमी व्यासाचा गोल काप घेतात, वर लोखंडी चकती इपॉक्सीने चिकटवून ओढतात. युरोपियन स्टँडर्ड ईएन १५०४-३ मध्ये स्ट्रक्चरल दुरुस्तीच्या आर३ वर्गाच्या मोर्टारला १.५ आणि त्याहून मजबूत आर४ ला २ एमपीए (मेगापास्कल, ताकद मोजायचं एकक) बॉण्ड, म्हणजे पकड, मागितलाय, पण तो लॅबमधल्या चांगल्या काँक्रीटवर. जुन्या इमारतीत कधीकधी काँक्रीटच आधी तुटतं, म्हणून आकड्याइतकंच कुठून तुटलं हेही रिपोर्टमध्ये हवं. जोडावरून सुटलं तर काम कच्चं.

जड ब्रेकरने फोडू देऊ नका, आतलं काँक्रीट बारीक तडकतं आणि पॅच ते घेऊनच खाली येतो. कडा निमुळत्या न ठेवता सरळ कापायच्या. जुनं काँक्रीट आदल्या दिवशी भिजवायचं, पण मोर्टार भरताना वर पाणी चमकायला नको. कॉलमवर लोड असतो, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून टेकू लावल्याशिवाय काहीही फोडू नका, हे माझ्या भरवशावर करू नका.

आणि पडलेल्या खपल्या झाडून टाकू देऊ नका. पाठ बघा: गुळगुळीत असेल तर कोट सुकलेला किंवा धूळ राहिलेली, जुनं काँक्रीट चिकटलेलं असेल तर खालचा थरच कमजोर, तांबूस डाग असतील तर आत सळई गंजतेय. जागा आणि तारीख लिहून पिशवीत ठेवा, ठेकेदाराबरोबरच्या मीटिंगला सोबत न्या.