जिम लावली की दीड महिन्यात सुटते. वजने उचलण्याचा उत्साह बाईने टिकवायचा कसा?

ताई, तुमचा प्रश्न मी नीट वाचला. वय ३९, राहणे निपाणीजवळच्या गावात, दिवसभर शिवणयंत्रावर बसून काम. दोन वर्षांत तीनदा जिम लावली आणि तिन्ही वेळा सव्वा-दीड महिन्यात ती सुटली. काटा हलत नाही, सासूबाई म्हणतात बाईने वजन उचलू नये, आणि आता तुम्हाला स्वतःच्याच निश्चयाबद्दल शंका वाटू लागली आहे. मी बेळगावात वडगावला राहते, मराठी शाळेत शिकवते आणि गेली सहा वर्षे आठवड्यातून तीन दिवस वजने उचलते. त्याआधी दोन वेळा माझीही जिम सुटली होती, त्यामुळे तुमची अवस्था मला परकी नाही.

उत्साहाचा विचार करण्याआधी कृपया रक्त तपासून घ्या. दुसऱ्या वेळी जिम सुटली तेव्हा मी स्वतःला आळशी ठरवून मोकळी झाले होते. जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी वह्या तपासताना डोळे मिटायचे, आणि हे सारे वयाचे आहे असे मी धरून चालले होते. पुढे दुसऱ्याच कारणाने तपासणी झाली आणि हिमोग्लोबिन ९.२ निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते किमान १२ असावे लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे कंटाळा येतो म्हणून व्यायाम सोडणाऱ्या कितीतरी जणींच्या अंगात मुळात प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच कमी असते. मला तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची माझी सवय डॉक्टरांनी बंद करायला लावली, कारण चहामुळे अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. थायरॉइडची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. या दोन गोष्टी ठीक नसतील तर कोणतीही युक्ती चालणार नाही, आणि दोष मात्र तुम्ही मनाला देत राहाल.

आता काट्याबद्दल. तुमची जिम दर वेळी सव्वा-दीड महिन्यातच सुटते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वजने उचलायला लागल्यावर पहिले सहा ते आठ आठवडे जी ताकद वाढते, ती बहुतांशी मेंदू आणि मज्जातंतू यांच्या शिकण्यामुळे वाढते. असलेल्या स्नायूंना एकाच वेळी कामाला लावण्याची कला शरीर शिकत असते. या काळात स्नायू आकाराने फारसे वाढलेले नसतात, नव्या श्रमाने दुखावलेले स्नायू थोडे पाणी धरून ठेवतात, आणि त्यामुळे काटा तिथेच राहतो किंवा किलोभर वरही जातो. म्हणजे आत सगळ्यात वेगाने बदल होत असतात त्याच दिवसांत काट्यावर आणि आरशात काहीच दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच फी पुन्हा भरायची वेळ येते. त्या दिवशी तुम्ही काट्याला विचारले तर तो चुकीचे उत्तर देणार, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

मी काटा वर्षातून चारदाच पाहते. त्याऐवजी शाळेच्या शंभरपानी वहीत प्रत्येक दिवशी उचललेले वजन लिहिते: तारीख, व्यायामाचे नाव, किती किलो, किती वेळा, किती सेट (म्हणजे अशा किती फेऱ्या). पहिल्या पानावर ५ किलोचा डंबेल छातीशी धरून आठ बैठका, असे लिहिलेले आहे. आठव्या महिन्याच्या पानावर त्याच बैठका २० किलोने आहेत. जमिनीवरून दांडा उचलण्याचा व्यायाम, ज्याला डेडलिफ्ट म्हणतात, तो मी २० किलोवर सुरू केला आणि वर्ष संपताना ५० किलोवर आले. त्या वर्षात माझे स्वतःचे वजन फक्त दोन किलोंनी उतरले होते. काट्यावर विसंबले असते तर वर्ष वाया गेले असेच मी म्हटले असते, आणि वहीत मात्र ताकद दुपटीहून अधिक झाल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. ही वही मी कोणाला दाखवत नाही. परंतु थंडीत पहाटे अंथरुणातून उठवण्याचे काम तिने जितके केले, तितके कोणत्याही उपदेशाने केले नाही, कारण मागच्या वेळी साडेसतरा किलोवर थांबलेला आकडा आज पुढे नेता येतो का, हे पाहायची खरोखरच उत्सुकता असते.

हे सारे आपल्या भागाला नवे नाही. आपल्याकडे गावोगावी तालमी आहेत. तालमीत व्यायामाला मेहनत म्हणतात. पहाटे मेहनतीला जाणाऱ्या पोराला तुझा उत्साह कसा टिकतो असे कोणी विचारत नाही; वेळ ठरलेली असते, जोडीदार वाट पाहत असतो, वस्ताद जोर-बैठकांची मोजदाद ठेवतो, आणि कालच्यापेक्षा आज थोड्या जास्त मारायच्या हे गृहीत असते. त्या पोराला घरातून दूधही मिळते. आपल्या मुलींना आणि सुनांना त्या लाल मातीपासून पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले गेले, आणि आता त्या एकट्याने, चोरलेल्या वेळात, कोणी मोजणारे नसताना जिमला जातात तेव्हा त्यांच्याकडून उत्साहाची अपेक्षा केली जाते. मला हे अन्यायाचे वाटते. म्हणून माझे सांगणे असे की तालमीच्या पोराला जे आपसूक मिळते ते तुम्ही ठरवून मिळवा. वार आणि तास ठरवा आणि घरात तो सर्वांना सांगून ठेवा. गावातली किंवा शिवणाच्या निमित्ताने ओळखीची झालेली एक तरी बाई बरोबर घ्या. माझी जोडीदार शेजारच्या गल्लीतली आहे. आम्हा दोघींचा नियम एवढाच आहे की येणार नसाल तर आदल्या रात्री फोन करून स्वतः सांगायचे, निरोप पाठवायचा नाही. हा फोन करणे जिवावर येते, म्हणून बहुतेक वेळा आम्ही दोघीही जातो.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे मी दोन्ही बाजूंनी पाहते. बाई वजन उचलतच असते. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ ३० किलोंचा असतो, पंधरा लिटरची घागर पंधरा किलोंहून जड होते, आणि रेशनचे तांदूळ बसमधून उतरवून घरी आणतानाही कोणी अडवत नाही. परंतु जुन्या बायकांच्या या भीतीमागे एक खरा अनुभव आहे. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता पाणी आणि सरपण वाहिलेल्या कितीतरी जणींचे अंग पुढे बाहेर आले, आणि लाजेपोटी त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. म्हणून तुम्हाला शिंकताना किंवा खोकताना लघवी सुटत असेल, ओटीपोटात खाली काही उतरल्यासारखे जड वाटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मगच वजने घ्या. तसे काही नसेल तर हळूहळू वाढवलेले वजन, उचलताना श्वास रोखून न धरता सोडण्याची सवय आणि योग्य पवित्रा यांनी शरीर बळकटच होते. पाळीच्या दिवसांत व्यायाम केल्याने अपाय होत नाही. मी पहिल्या दिवशी वजन कमी ठेवते, इतकेच.

पुरुषासारखे दंड होतील ही भीतीही घराघरांत आहे. स्नायू मोठे करणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रीच्या शरीरात पुरुषाच्या तुलनेने फारच थोडे असते, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने उचलून तसे शरीर होत नाही. मीराबाई चानू यांनी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनाच्या ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा उचलीच्या दोन प्रकारांत मिळून एकूण २०२ किलो वजन उचलले, त्यात एका उचलीचे ११५ किलो होते, आणि त्यांची अंगकाठी कोणत्याही साध्या मुलीसारखी दिसते. याच मीराबाईंना २०१६ मध्ये रिओला एका प्रकारातील तिन्ही प्रयत्नांत वजन पेलता आले नव्हते आणि त्यांच्या नावापुढे एकूण आकडाच लागला नव्हता. पुढच्याच वर्षी त्या जगज्जेत्या झाल्या. तुमचे तीनदा सुटणे मी त्याच नजरेने पाहते.

मी स्वतः कशामुळे टिकले, हेही सांगायला हवे. माझी आई ६३ व्या वर्षी पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर घसरली आणि टेकलेल्या हाताचे मनगट मोडले. पडणे तसे साधेच होते; हाडे ठिसूळ झाली आहेत असे तपासणीत निघाले. पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत स्त्रीच्या हाडांची झीज वेगाने होते, आणि हाडांवर ताण देणारा व्यायाम त्या झिजेला आवर घालणाऱ्या मोजक्या उपायांपैकी एक आहे. आईला त्यानंतर भाकरी थापता येईना. जोंधळ्याची भाकरी थापणे हा तिचा अभिमान होता, आणि परातीकडे पाहत बसलेली ती मला अजून दिसते. बारीक होण्यासाठी जिमला गेले तेव्हा माझी जिम सुटली; आईचे मनगट डोळ्यांपुढे ठेवून गेले तेव्हा ती सुटली नाही. तुमचे कारण वेगळे असेल, पण ते पुढच्या लग्नातल्या साडीपुरते नसावे, असे मला कळकळीने वाटते.

आहाराबद्दल थोडेच सांगते, कारण आपल्या घरातच बहुतेक सर्व आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोंच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. वजने उचलणारीने ते ७० ग्रॅमच्या पुढे न्यावे. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यांत २० ग्रॅमहून अधिक, शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास. हुलग्यांचे माडगे, मोड आलेली मटकी, घट्ट वरण, ताक, दही यांनी हे गणित जुळते. डब्यातली महागडी पूड घेतलीच पाहिजे असे नाही. अडचण उपवासांची असते. श्रावणात दिवसभर साबुदाण्यावर राहून संध्याकाळी वजन उचलले तर चक्कर येणारच, कारण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. त्या दिवशी राजगिरा, शेंगदाणे आणि दूध घ्यावे.

आपल्याकडे खंड पडण्याची कारणेही ठरलेली आहेत. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच गणपती, कुठे लक्ष्मीची यात्रा आणि घरभर पाहुणे, शिवाय तुमच्याकडे लग्नसराईत शिलाईची घाई. हे दरवर्षी होणार आहे, तेव्हा त्याला अपयश न म्हणता आधीच वहीत जागा करून ठेवावी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ लागले, कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तुमची जिम सुटते ती हा टप्पा येण्याच्या जरा अलीकडेच. दोन आठवडे चुकले तर ताकद फारशी जात नाही. परतताना मात्र आधीच्या वजनाच्या निम्म्यावरून सुरू करून दोन-तीन वेळांत पूर्ववत यावे. पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला गेले की दोन-तीन दिवस अंग इतके दुखते की पुन्हा खंड पडतो.

निपाणीला रोज जाणे जमत नसेल तर हट्ट धरू नका. २०२३ च्या जूनपासून आपल्या कर्नाटक राज्यात बायकांना साध्या सरकारी बसच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत, हे खरे, पण बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ कोणी परत देत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि किमान १५० मिनिटे चालण्यासारखे मध्यम श्रम सुचवते. दोनपैकी एक दिवस जिममध्ये आणि एक दिवस घरी ठेवा. घरी कापडी पिशवीत पाच किलो तांदूळ घेऊन बैठका, तीच पिशवी कमरेत वाकून पोटाकडे ओढणे, जमिनीवरून उचलणे, भिंतीला हात टेकून जोर, आणि जड पिशवी एका हातात धरून अंगणात फेऱ्या. प्रत्येकी दोन सेट, अर्ध्या तासात होते. शिवणयंत्रावर मान आणि खांदे पुढे झुकतात, म्हणून ओढण्याचा व्यायाम तुम्ही कधीही वगळू नका. बारा वेळा सहज जमू लागले की अर्धा किलो वाढवा.

रक्ताचा अहवाल या आठवड्यातच घ्या. तो हाती आला की नव्या वहीच्या पहिल्या ओळीवर तारीख घालून हिमोग्लोबिनचा आकडा लिहा, डॉक्टरांचा होकार मिळाला की त्याखाली पाच किलो तांदळाच्या पहिल्या बैठका लिहा, आणि तीन महिन्यांनी दोन्ही आकडे इथे कळवा. मी वाट पाहीन.