एरर पकडायची की झेलायची?

रत्नागिरीत मुलांना मराठीतून जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: प्रोग्राम चालताना आलेली एरर हाताळणाऱ्या ‘कॅच’ला ‘पकडणे’ म्हणू की ‘झेलणे’? मुलं डीबगिंगचं, म्हणजे कोडमधल्या चुका हुडकायचं, छोटं साधन करताहेत. कुठलंही मूल्य द्या, ते स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) करून पडद्यावर दाखवतं. पण काही मूल्यांपाशी साधनच बंद पडतं. ताईंनी फळ्यावर ‘एरर पकडा’ लिहिलं, तर मुलं कोडमधल्या चुका शोधत बसली.

मुलांचं काही चुकलं नाही. मराठीत ‘चूक पकडली’ म्हणजे हुडकून काढली. ते तर डीबगिंगच झालं! ‘कॅच’मध्ये शोधाशोध नाही. वरून काहीतरी पडणार हे धरून आधीच खाली ओंजळ केलेली असते. तेव्हा ‘झेलणे’च.

आंबे काढायचा झेला डोळ्यांपुढे आणा. काठीच्या टोकाला जाळी, देठ तुटला की आंबा जाळीत. जमिनीवर आपटत नाही. आता ‘ऑब्जेक्ट.क्रिएट(नल)’ने केलेलं, म्हणजे कुणाचाच वारसा नसलेलं, ऑब्जेक्ट घ्या. मूल्याचा मजकूर करून देणारं ‘टूस्ट्रिंग’ त्याला वारशाने मिळतच नाही, म्हणून स्ट्रिंग करणाऱ्या ‘स्ट्रिंग()’ला दिलं की टाइपएरर नावाची एरर. सिंबॉल या खास प्रकारच्या मूल्याची तऱ्हा निराळी: ‘स्ट्रिंग()’ला दिलं तर निमूट मजकूर देतो, पण अधिक चिन्हाने रिकाम्या स्ट्रिंगला जोडायला गेलात की एरर. म्हणून झेला एकेका मूल्याखाली हवा. ज्याच्या आतली एरर ‘कॅच’ झेलतो तो ‘ट्राय’ सगळ्या यादीला मिळून एकच लावला, तर एका नासक्यापायी पुढची अख्खी यादी दिसायची नाही.

आणि रिकामा कॅच ब्लॉक, म्हणजे एरर झेलून काहीच न करणारा? त्याला आपल्याकडे तयार शब्दप्रयोग आहे: चूक पोटात घालणे. आजीने घालावी, डीबगरने नाही. त्या जागी ‘याचं स्ट्रिंग होत नाही’ एवढं तरी दिसू द्या. हा मजकूर ठरलेलाच ठेवा. एरर टाकणाऱ्या ‘थ्रो’ने काहीही टाकता येतं, त्यामुळे हाती आलेली वस्तू स्ट्रिंग करायला जाल तर तीही उलटेल.

‘थ्रो’ला मात्र ‘फेकणे’ नको. ‘तो फेकतोय’ म्हटलं की आपल्याला थापाच ऐकू येतात. ‘टाकणे’ चालेल. स्ट्रिंगला स्ट्रिंगच म्हणा, ‘दोरा’ केलात तर मुलं हसतील.

तर ताई, फळ्यावर ‘एरर झेला’ लिहा. आज्ञाही तीच, अवजाराचं नावही तेच.