दोन बोटं माया

"मावशी, मी २७ वर्षांची. गाव इचलकरंजी, नोकरी पुण्यात, राहते पीजीमध्ये. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. तेव्हा वजन ६२ होतं, आता ७६. पाळी चार-चार महिने येत नाही. हनुवटीवर केस येतात, दर आठवड्याला पार्लर. डॉक्टर म्हणाल्या, वजन उतरव, लग्न झालं की होईल सगळं नीट. आई फोनवर पहिलं विचारते, 'आज किती भरलं?' रात्रीचं जेवण सोडलं तरी काटा हलत नाही, आणि अकरा वाजता फरसाणाचं पाकीट संपवून रडत बसते. मान काळी पडलीय, आत्या म्हणते घासून आंघोळ कर. पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे. एकही ब्लाऊज बसत नाही, येणार नाही म्हणून कळवलंय. एक स्थळ येतंय, त्यांना हे सांगायचं का? मी आळशी आहे का हो? कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. – जाडी"

आधी ती सही खोड. दुसरं नाव सुचेपर्यंत मी तुला बाळ म्हणेन.

तुझं पत्र मी शेवटून वाचायला घेतलं. 'झोपावं आणि उठूच नये' हे तू जाता जाता लिहिलंस, पण मला ते तसं सोडवत नाही. ते नुसत्या थकव्यातून आलं असेल किंवा त्याहून खोल असेल, पत्रावरून मला कळायचं नाही. असं रोज वाटत असेल, किंवा जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येत असेल, तर पुढचं राहू दे, १४४१६ लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे; दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि आज रात्रीच खोलीतल्या मैत्रिणीला सांग की तुला बरं वाटत नाहीये. तुझं पीसीओडी, ज्याला डॉक्टर पीसीओएसही म्हणतात, हा अंडाशयाचा आणि हार्मोनचा आजार; त्यात उदासी आणि चिंता इतर बायकांपेक्षा जास्त आढळते, म्हणून डॉक्टरांनी पाळीबरोबर मनाचीही चौकशी करायची असते. तुझ्या डॉक्टरांनी केली नसेल तर तू आपणहून सांग.

आता आळशीपणाचं. बाळ, रक्तातली साखर पेशींत पोचवायला इन्सुलिन लागतं. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरावर त्या इन्सुलिनचा नीट परिणाम होत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. जास्तीच्या इन्सुलिनमुळे अंडाशयातून पुरुषी हार्मोन जास्त सुटतं. त्यातून हनुवटीवरचे केस येतात आणि पाळीही लांबते. वजन चढतं, ते चढलं की इन्सुलिनचं दुखणं आणखी वाढतं. तुझी मान काळी पडलीय तीही बहुतेक याच इन्सुलिनमुळे. तो मळ नव्हे. आत्याला सांग, दगडाने घासलंस तरी जाणार नाही, उलट कातडी सोलवटेल.

आणि सोनोग्राफीत दिसल्या त्या 'गाठी' ऐकून आई घाबरली असेल, तर तिलाही सांग: त्या वाढ अर्धवट थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात. अशा पिशव्यांनी भरलेल्या अंडाशयांबद्दल १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं, आणि पुढे या आजाराला पीसीओएस हे नाव पडलं ते त्या पिशव्यांवरून, इन्सुलिनवरून नाही.

'लग्न झालं की नीट होईल' हा सल्ला मी चाळीस वर्षं ऐकतेय. तो ऐकून बोहल्यावर चढलेल्या आणि वर्षभरात 'अजून पाळणा का हलत नाही' हे ऐकणाऱ्या मुलीही पाहिल्यात. तू दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि लवकर जा. चार-चार महिने पाळी न येणं अंगावर काढू नये. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. तीन महिन्यांच्या वर गेलं की डॉक्टरांना दाखवायचं. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (पाळी बिघडवू शकणारं आणखी एक हार्मोन) तपासलंय का, ते विचार. साखर नुसती उपाशीपोटी बघू नका, ग्लुकोज पिऊन दोन तासांनीही बघा, असं सांग. मेटफॉर्मिन, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम सुधारणारी गोळी, द्यायची की पाळीच्या गोळ्या, हे त्या ठरवतील. मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून ती जेवणाबरोबर घेतात. केसांवर औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने तरी जातात, तोवर थ्रेडिंग खुशाल कर. काढल्याने केस जाड येतात ही पार्लरमधली दंतकथा आहे.

रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. उपाशी राहिलेल्या माणसाने अकरा वाजता फरसाण शोधणं यात नवल काय? पीसीओएसला हाच आहार लागू पडतो असं अजून काही ठरलेलं नाही. जो तुला वर्षभर झेपेल तो तुझा. डबेवाल्या काकूंना सांग, भात कमी आणि उसळ जास्त द्या. दोन अंडी उकड, जमेल तेव्हा ज्वारीची भाकरी खा. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाऊन 'आज काही खाल्लं नाही' म्हणू नकोस, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. आणि नुसतं चालू नकोस, आठवड्यातून दोनदा वजनंही उचल. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतील. काम करणारा स्नायू साखर ओढून घेतो, त्याला इन्सुलिनची फारशी मनधरणी करावी लागत नाही. हे मला फार आवडतं.

आणखी एक हिशेब. पाच टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. तुझे पाच टक्के म्हणजे चार किलोही होत नाहीत. परत ६२ व्हायचं म्हणून काट्यावर रोज चढणं बंद कर, महिन्यातून एकदा पुरे. काटा हलला नाही तरी पाळी, झोप, साखर सुधारत असेल तर औषध लागू पडतंय.

आईशी भांडू नकोस. तिला काळजी कशी विचारायची ते माहीत नाही, म्हणून ती किलो विचारते. तिला म्हण, "आई, वजन मी पहिल्या तारखेला सांगेन. रोज विचारायचं असेल तर 'जेवलीस का' विचार." चार दिवस फुगेल, मग विचारायला लागेल.

स्थळाला सांगायचंच, पण बायोडेटात नको आणि कांदेपोह्यांच्या ताटासमोर तर नकोच. दोघं बोलायला बसाल, एकमेकांत काही रस वाटतोय असं दिसलं, की तू स्वतः सांग: मला पीसीओएस आहे, औषध चालू आहे. मुलं होतील का, हे तो विचारेल. या आजारात बहुतेकींना मुलं होतात. बीज वेळेवर सुटत नसेल तर त्यालाही गोळ्या आहेत. एवढं ऐकून तो पळाला तर तुझा साखरपुड्याचा खर्च वाचला.

राहिलं लग्न. चुलतबहिणीला फोन कर आणि येतेय म्हण. शनिवारी साडी घेऊन टेलरकडे जा, आजचं माप दे. जुना ब्लाऊज मापाला नेऊ नकोस, 'थोडा घट्ट चालेल' असंही म्हणू नकोस. मला तर या अंगात जुनं माप कोंबायच्या हट्टाचाच फार राग येतो. आणि टेलरला सांग, आत दोन बोटं माया सोडा.

– मावशी